साहेबाच्या चिठ्ठीतली सावली

माळावरचा
मंडळी, एका ओळीवर अडलोय.

आईची पंचाहत्तरी मे महिन्यात आहे. तिच्या वडिलांचे कागद इतकी वर्षं पत्र्याच्या पेटीत पडून होते, ते लावून घरच्यापुरती छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय. आजोबा इथे सोलापुरात एका मिलमध्ये टाइमकीपर होते. भोंगा, पाळी, हजेरी यातच जन्म गेला. स्वातंत्र्याच्या आसपास त्यांचा गोरा विव्हिंग मास्टर विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने आजोबांना एक चिठ्ठी दिली. चार ओळी टाइप केलेल्या: काम चोख, माणूस भरवशाचा वगैरे. आणि खाली शाईच्या पेनाने, स्वतःच्या हाताने, एकच वाक्य: ‘मे युअर शॅडो नेव्हर ग्रो लेस.’

शब्दाला शब्द लावला तर ‘तुमची सावली कधी कमी न होवो’. हे वाचून घरात कुणालाच काही कळलं नाही. थोरला मामा म्हणतो साहेबाने जाता जाता चेष्टा केली, कारण आजोबा म्हणजे वाळलेली तुराटी. आईला हे अजिबात पटलेलं नाही. दोन दिवस मामाशी बोलत नव्हती.

माझी अडचण वेगळी आहे. इंग्रजीत सावली बहुधा वाईटच असते. कशावर ‘शॅडो कास्ट’ झाली की अशुभ, कुणाच्या ‘शॅडोत’ वाढलं की खुंटलं, माणूस ‘शॅडो ऑफ हिज फॉर्मर सेल्फ’ झाला की संपला. बरोबरच आहे, ज्यांना ऊनच मिळत नाही त्यांना सावलीचं कौतुक कुठून असणार? आपल्याकडे सावली म्हणजे माया, आसरा, वड-पिंपळ. मग या साहेबाने सावलीचा आशीर्वाद कुठून आणला? आणि पुस्तिकेत मराठीत काय लिहू?

बे_एके_बे
काय बे, पुस्तिका काढलालाव का पीएचडी करलालाव?
‘तुमचं पोट कधी कमी न होवो’ असं लिही. मोकळा हो.

कडक_भाकरी
हसण्यावारी नेऊ नका, बे यांनी चुकून बरोबर उत्तर दिलंय. इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ जवळपास तोच आहे. भरभराट होवो, अंगाने आहात तसे धडधाकट राहा. माणूस खंगला की सावलीही बारीक होते, असा सरळ हिशेब. त्यामुळे मामा पूर्ण चुकलेले नाहीत. तुराटीला ‘अशीच गुटगुटीत राहा’ म्हणणं म्हणजे थोडी चेष्टा आलीच. पण प्रेमाची.

विजापूर_वेस
माळावरचा, तुमच्या साहेबाने ती ओळ विलायतेहून आणलेली नाही. ती आमच्या गल्लीतली आहे.

खरंच सांगतो. आमच्या घरात थोरल्यांचा निरोप घेताना अम्मी आजही म्हणते, ‘आपका साया हमारे सर पे सलामत रहे.’ कुणाचे वडील गेले तर ‘सर से बाप का साया उठ गया.’ मराठीत तुम्ही छत्र हरपलं म्हणता, तेच हे. मूळ फारसी. इराणात अजून बोलतात, ‘सायेतान कम नशवद’, तुमची सावली कमी न होवो. शब्दाला शब्द तुमच्या चिठ्ठीतलं वाक्य.

इंग्रजीत ते गेलं १९व्या शतकात, इराणात राहून आलेल्या साहेबलोकांबरोबर. जेम्स मोरिएर नावाचा माणूस तिथल्या इंग्रज वकिलातीत होता. त्याने १८२४ साली इस्फहानच्या हाजीबाबाची कादंबरी काढली, तिच्यातून असली इराणी बोलणी इंग्रजांना चटकन पाठ झाली. पुढे तिकडच्या क्लबांत ते चेष्टेचं वाक्य झालं असणार, पण जन्माने ते चेष्टेचं नाही.

आणि फारसीतला साया म्हणजे अंगाचा आकार नव्हे. बादशहाला ‘जिल्ले इलाही’ म्हणायचे, जिल्ल म्हणजे अरबीत सावली. देवाची सावली. हुमा पक्ष्याची गोष्ट ऐकली असेल, ज्याच्या डोक्यावरून त्याची सावली गेली तो राजा होतो. म्हणजे सावली वरून खाली पडते, आणि जिच्याखाली आपण उभे असतो ती. ‘तुमची सावली कमी न होवो’ म्हणणारा स्वतःसाठीच काहीतरी मागत असतो: तुम्ही राहा, म्हणजे आम्हाला ऊन लागणार नाही.

इंग्रजाने शब्द सगळे उचलले. सावलीत कोण उभं आहे तेवढं विसरला.

माळावरचा
विजापूर वेस, हात जोडले. दुपारी आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, ‘मग मामाला कळवलंस का?’

आजोबांच्या पगारावर चौदा माणसं होती हो. दोन विधवा आत्या, त्यांची मुलं, गावाकडून शिकायला आलेले पुतणे. साहेबाला हे ठाऊक होतं की नव्हतं, आता कोण सांगणार.

पूर्वभागकर
आमच्याकडे घरात तेलुगू. ‘नीड’ म्हणजे सावली, झाडाचीही आणि माणसाचीही. बेघर माणसाला म्हणतात ‘निलुव नीड लेदु’, उभं राहायला सावली नाही. छप्पर नाही असं नाही म्हणत, सावली नाही म्हणतात. पद्मशाली विणकर मंडळी तेलुगू मुलखातून माग घेऊन इथे आली तेव्हा हा शब्दही सोबत आला असणार, आणि सोलापूरच्या उन्हात तो अजून पक्का झाला.

कन्नडवाल्यांनी सांगा, ‘नेरळु’चं असंच आहे ना?

अक्कलकोट_रोड
हौद्री. नेरळु म्हणजे दोन्ही. झाडाखालचा गारवाही नेरळु, आणि पायाला चिकटलेली काळी आकृतीही नेरळु. मराठीत सावलीचं तेच, उर्दूत सायाचं तेच. एका गावात चार भाषा, चारही भाषांना एकच शब्द पुरतो. इंग्रजाला मात्र दोन लागतात, झाडाखालची ‘शेड’ निराळी आणि अंगाची ‘शॅडो’ निराळी. चांगलं-चांगलं सगळं शेडच्या वाट्याला गेलं, शॅडोला उरलं भुताखेतांचं. माळावरचा यांना इंग्रजी सावली अशुभ दिसते ती ढगाळ हवेमुळे नाही, या वाटणीमुळे.

माळावरचा
हे डोक्यातच आलं नव्हतं. ढगाळ हवेचा सिद्धांत मागे घेतो.

कडक_भाकरी
पण अक्का, वाटणी आपल्याकडेही आहे, फक्त आपण ती लपवून केली. सावली गोड. छाया जरा पुस्तकी, पण छत्रछायेसारखी मोठ्या माणसांत बसणारी. आणि वाईट कामाला दोन वेगळे शब्द ठेवलेत: सावट आणि पडछाया. दुष्काळाचं सावट असतं, दुष्काळाची सावली कुणी म्हणणार नाही. पडछाया म्हणजे मुळात प्रतिच्छाया. प्रतिशब्दाचा पडसाद झाला तसाच ‘प्रति’चा ‘पड’ झाला. रात्री भिंतीवर हलते ती पडछाया, अंगणात बाळ जिच्याशी खेळतं ती सावली.

म्हणून भाषांतर करताना ‘शॅडो’ दिसली की हात आखडतो. पेपरात ‘भीतीच्या छायेखाली’ इतक्या वेळा छापून येतं की आता ते मराठीच वाटतं. माझ्या कानाला अजूनही त्यात इंग्रजी खडखडतं. सरळ ‘जीव मुठीत धरून’ म्हणा की.

बे_एके_बे
अवांतर: बायको ‘शॅडो वर्क’चा ड्रेस मागलालीय. ती सावट आहे का पडछाया?

कडक_भाकरी
किंमत सांगा, मग ठरवू. :)
(मागून टाके घालतात, पातळ कापडातून पुढे नुसती सावली दिसते. सुरेख काम असतं. घेऊन द्या.)

निवृत्त_शिरस्तेदार
धागा आज पाहिला. कोर्टात अडतीस वर्षं काढली, त्यामुळे एक सावली माझ्याही ओळखीची आहे: ‘बियाँड अ शॅडो ऑफ डाउट’.

लोकांची समजूत अशी की फौजदारी खटल्यात गुन्हा इतका सिद्ध व्हावा लागतो की संशयाची सावलीसुद्धा उरता कामा नये. सिनेमातले वकील तर टेबलावर हात आपटून हेच म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही. कायद्याचा शब्द आहे ‘रीझनेबल डाउट’, आपल्या निकालपत्रांत ‘वाजवी संशयापलीकडे’. दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. इंग्लंडमध्ये १९४७ साली एका सैनिकाच्या विधवेचा पेन्शनचा दावा चालला होता, मिलर विरुद्ध पेन्शनमंत्री. त्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी स्पष्ट करून ठेवलं की वाजवी संशयापलीकडचा पुरावा म्हणजे संशयाच्या सावलीपलीकडचा पुरावा नव्हे. काल्पनिक शक्यतांना कायदा शरण गेला तर समाजाचं रक्षणच होणार नाही, असा त्यांचा मुद्दा. आपल्याकडचे वकील आजही हा दाखला देतात, मी स्वतः तो किती वेळा ऐकलाय याची गणती नाही.

गंमत अशी की आरोपीचा वकील नेमका उलटा जातो. जरा कुठे सावली दिसली की ‘संशयाचा फायदा द्यावा’. मग न्यायाधीशाला बघावं लागतं की ही सावली खऱ्या माणसाची आहे की वकिलाने हातवारे करून भिंतीवर पाडलेली.

विजापूर_वेस
वा शिरस्तेदार साहेब!

कडक_भाकरी
शिरस्तेदारकाका, मराठीत संशयाला सावली नसतेच मुळी. आपल्या संशयाची पाल असते, आणि ती चुकचुकते. आणि संशय नाही म्हणायचं तर ‘तिळमात्र शंका नाही’. इंग्रजाने सावलीने मोजलं, आपण तिळाने.

तसंच ते ‘कमिंग इव्हेंट्स कास्ट देअर शॅडोज बिफोर’. थॉमस कॅम्बेल या स्कॉटिश कवीची १८०२ ची ओळ, आता म्हणीसारखी वापरतात. पुढे येणाऱ्या गोष्टीची सावली इंग्रजीला आधी दिसते. मराठीला ती दिसत नाही, ऐकू येते. चाहूल लागते, कुणकुण लागते. हे मला फार आवडतं. वाड्याच्या आत, पदराआड बसलेल्या बायकांनी घडवलेली भाषा वाटते, दारातलं दिसत नव्हतं पण पावलं ओळखू यायची.

पूर्वभागकर
आणि कुणाला ‘शॅडो’ करणं, म्हणजे पाठलाग? मराठीत मागावर असणं. आता पूर्व भागात येऊन विचारा, ‘काका काय करतात?’ ‘मागावर आहेत.’ कुणाच्या मागावर नाही हो, यंत्रमागावर. आमच्या गल्लीत हेर बनायचं असेल तर आधी टॉवेल विणावे लागतील.

‘शॅडो ऑफ हिज फॉर्मर सेल्फ’चं मात्र हसू येत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण आमच्या गल्लीत दर दुसऱ्या मागाच्या कारखान्याला कुलूप. रया गेली, एवढाच मराठी शब्द पुरे आहे. ‘पूर्वीची सावली उरली’ असं कुणी भाषांतर केलं तर मी भांडेन, कारण सावली उरली असती तर बरंच होतं.

निळी_सायकल
दोन दिवस वाचतोय. सगळं छान चाललंय, म्हणून लिहावं की नको असं झालं होतं.

‘आपल्याकडे सावली म्हणजे माया’ हे पहिल्याच पोस्टमध्ये आलं आणि त्याला कुणी हटकलं नाही. कुणाच्या आपल्याकडे? माझ्या पणजोबांच्या सावलीला याच भाषेत विटाळ म्हणत. पेशवाईच्या मुलखात समोरून हिंदू येत असेल तर अस्पृश्याने रस्ता वापरायचा नाही, कारण त्याची सावली पडून बाटवेल. हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या लाहोरच्या भाषणात लिहिलंय, जे भाषण त्यांना करूच दिलं नाही आणि त्यांनी स्वतः छापलं. खुद्द पुण्याबद्दल तर दुपारी ३ ते सकाळी ९ वेशीच्या आत यायची बंदी होती अशी नोंद आहे. का, तर त्या वेळी सावल्या लांब पडतात.

म्हणजे ज्याची सावली लांब, त्याने बाहेर थांबायचं. आमच्या माणसाला ‘तुमची सावली कधी कमी न होवो’ म्हटलं असतं तर त्याने काय समजावं? भर दुपारी, सावली पायाशी गोळा झालेली असताना, तेवढाच वेळ त्याला गावात मोकळं चालता येत होतं. सोलापूरचं ऊन कुणासाठी काय असतं ते असंही बघा.

माळावरचा यांच्यावर राग नाही. आजोबांची चिठ्ठी जपून ठेवा. फक्त ‘आपल्याकडे’ हा शब्द जरा जपून.

अक्कलकोट_रोड
याला उत्तर नाही. बरं झालं लिहिलंत.

माळावरचा
निळी सायकल, ते वाक्य मी पुस्तिकेच्या प्रस्तावनेतही लिहून ठेवलं होतं: ‘आपल्या संस्कृतीत सावली म्हणजे माया.’ काल रात्री काढून टाकलं. खरं म्हणजे ते खोडताना लक्षात आलं की ज्या शब्दाचं मी एवढं कौतुक करत होतो त्याच्या वापरातली ‘सावलीला उभं न करणं’ ही बोली मी लहानपणापासून घरात ऐकलीय, आणि ती नेमकी कुठून आली असेल याचा एकदाही विचार केला नाही.

निवृत्त_शिरस्तेदार
एक फार जुनी सावलीची केस सांगून जातो, कारण ती ऐकली की दावे का लांबतात ते कळतं. ग्रीकांची गोष्ट आहे. एकाने गाढव भाड्याने घेतलं. भर दुपारी रस्त्यात झाड नाही, म्हणून तो गाढवाच्याच सावलीत बसला. मालक म्हणाला, भाडं गाढवाचं ठरलं होतं, सावलीचं नाही. भाडेकरू म्हणाला, गाढव घेतलं त्यात सावली आलीच. मारामारी झाली. अथेन्सच्या भाषेत ‘गाढवाच्या सावलीवरून भांडणं’ म्हणजे क्षुल्लकावरून भांडणं.

आमच्या कोर्टात ही केस आली असती तर बारा वर्षं चालली असती आणि तोवर गाढव मेलं असतं. आणि खरं सांगू का, मे महिन्यात होटगी रोडवर उभं राहिलं तर हा दावा मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

बे_एके_बे
मालकाचं चुकलं. सावलीला वेगळी पावती फाडायची.

‘अफ्रेड ऑफ हिज ओन शॅडो’ राहिलं ना? आणि ते ‘फाइव्ह ओक्लॉक शॅडो’?

कडक_भाकरी
पहिलं आपल्यातही तसंच आहे, स्वतःच्या सावलीलाही घाबरतो. इंग्रजांनी दिलेलं नाही ते, प्लेटोच्या लिखाणातसुद्धा ‘म्हणतात ना’ असं म्हणून आलंय, म्हणजे तेव्हाही जुनंच असणार. ज्याने बुजरं खोंड पाळलंय त्याला कुठल्याच भाषेत समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं म्हणजे सकाळी केलेल्या दाढीचे संध्याकाळी दिसणारे खुंट. १९३० च्या दशकात एका अमेरिकन ब्लेडच्या जाहिरातीने लोकांच्या तोंडी बसवलं. ब्लेड खपवायला काढलेली लाज. पुढे.

पुण्यात_सोलापूरकर
‘शॅडो कॅबिनेट’ कुणीच घेतलं नाही? ब्रिटनमध्ये विरोधी पक्ष प्रत्येक मंत्र्यामागे आपला एक माणूस ठेवतो. आपल्याकडे मनसेने ९ मार्च २०२० ला जाहीर केलं होतं, आणि पंधरवड्यात लॉकडाउन लागला. खऱ्या मंत्रिमंडळाचंच तेव्हा काही दिसत नव्हतं, सावलीचं काय दिसणार.

पण मूळ कल्पना आपल्याला परकी नाही. सूर्याची बायको संज्ञा. तिला नवऱ्याचं ऊन सोसेना, म्हणून आपल्या जागी स्वतःची छाया ठेवून ती माहेरी निघून गेली. सूर्याला बराच काळ पत्ताच लागला नाही. त्या छायेचा मुलगा शनी.

अक्कलकोट_रोड
संज्ञेचं सासर सोलापूर असणार. नक्की.

भूगोलमास्तर
सावलीवर शंभर पोस्टी करा, पण ज्या सावलीत सगळं सोलापूर बसलंय तिचं नाव कुणी घेतलं नाही. पर्जन्यछाया!

अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिकडेच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. घाट उतरून हवा इकडे येते तेव्हा ती दाबली जाते, तापते, कोरडी होते. आपल्या वाट्याला साडेपाचशेच्या आसपास, तेही बरचसं सप्टेंबरात. त्या सप्टेंबरच्या ओलीवर रब्बीची ज्वारी. मंगळवेढ्याची मालदांडी खाता ना कौतुकाने, ती या सावलीचीच कमाई. ‘रेन शॅडो’ हा इंग्रजी शब्द, पर्जन्यछाया हे त्याचं भाषांतर, आणि चांगलं झालंय. पण पोरांना शिकवताना दरवर्षी एक तरी विचारतोच, ‘सर, छाया आहे तर एवढं ऊन कसं?’

आता माळावरचा यांच्या चिठ्ठीकडे येतो. ‘सावली कधी कमी न होवो’ ही शुभेच्छा अक्षांशावर अवलंबून आहे. लंडनमध्ये ती फुकटात खरी ठरते. तिथे २१ जूनच्या ऐन दुपारीसुद्धा माणसाची सावली त्याच्या उंचीच्या निम्म्याच्या खाली जात नाही. इराणात पुष्कळ आखूड होते पण नाहीशी होत नाही, कारण सगळा इराण कर्कवृत्ताच्या उत्तरेला. सोलापूर आहे साधारण १७.७ अंशांवर. इथे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली शून्य होते. पहिल्यांदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, परत ऑगस्टच्या सुरुवातीला. मधल्या काळात तर दुपारची सावली दक्षिणेला पडते, कुणी लक्ष देत नाही.

म्हणजे साहेबाने जी शुभेच्छा दिली ती आजोबांच्या गावात वर्षातून दोन दुपारी मोडतेच. साहेबाने टाइमकीपरला हे लिहावं, ही मला सगळ्यात मोठी गंमत वाटते.

माळावरचा
मास्तर, आईची पंचाहत्तरी नेमकी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.

भूगोलमास्तर
मग गच्चीवर जा. ओळंबा लावून एक काठी किंवा पाइप अगदी सरळ उभा करा. बाराच्या ठोक्याला बघू नका. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, मिर्झापूरकडचं. आपण त्याच्या पश्चिमेला, सूर्य आपल्याकडे सव्वीसेक मिनिटं उशिरा येतो. मे महिन्यात तो तीन-चार मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. १२:२३ च्या आसपास. टोपी घाला.

बे_एके_बे
कलिंगड पण घेऊन जा बे.

माळावरचा
उशिरा लिहितोय, घरात पाहुणे होते.

पंचाहत्तरी झाली. त्याच दुपारी गच्चीवर गेलो. मी, मामा, दोन भाचरं. आजोबांची लाकडी फूटपट्टी पेटीतच होती, ती ओळंब्याने सरळ करून मातीच्या कुंडीत रोवली. बारा वाजता सावली बोटभर होती. १२:१५ ला नखाएवढी. मग बराच वेळ काहीच बदललं नाही असं वाटलं, आणि १२:२२ ला बघतो तर नाहीच. धाकट्या भाचीने विचारलं कुठे गेली, तर मोठा म्हणाला पट्टीच्या खाली लपलीय. तीन-चार मिनिटांनी पूर्वेच्या बाजूला एक काळी रेघ फुटली.

मामा सगळा वेळ डोक्यावर ओला टॉवेल टाकून उभा होता. ‘साहेब चुकला,’ म्हणाला, पण आधीच्या सुरात नाही. खाली आल्यावर आईला सगळं सांगत बसला. ती ताक देत म्हणाली, ‘तुमचं झालं असेल तर जेवायला बसा, वरणाला साय धरली.’

पुस्तिकेतलं भाषांतर असं केलंय, शेवटचं म्हणून बघा. चिठ्ठीखाली एकच ओळ: ‘तुमची सावली आमच्यावर अशीच राहो.’ खाली बारीक अक्षरात विजापूर वेस यांनी सांगितलेलं फारसी वाक्य, आणि मूळ इंग्रजी देवनागरीत.

विजापूर_वेस
‘आमच्यावर’ घातलंत. आता बरोबर.

कडक_भाकरी
मला ‘अशीच’ खटकतं, पण मी खोडणार नाही.

निळी_सायकल
छापलेली एक प्रत मिळेल का? विकत घेईन.

माळावरचा
विकत कशाला, रविवारी पार्क चौकात भेटा. चहा माझा. मास्तर, ऑगस्टचा दिवस पण सांगून ठेवा, भाचरं मागे लागलीत.

भूगोलमास्तर
१ किंवा २ तारीख धरा. पण तेव्हा ढग असतात.

बे_एके_बे
ढग? पर्जन्यछायेत राहतो म्हणला ना तुम्ही?

भूगोलमास्तर
ढग येतात की. नुसते बघून जातात.